सहविश्वासूंवरील अविश्वास

‘ख्रिस्त आम्हांला मान्य आहे, ख्रिस्ती माणसांचे मात्र नाव काढू नका’, या आशयाचे विधान आज सुशिक्षित ख्रिस्ती घरांतून इतक्या सहजपणे केले जाते की ते एक विधान आहे आणि त्याचा प्रतिवाद होऊ शकतो, हेच कोणाच्या लक्षात येत नाही. पाळक वेतनासाठी बोलतो, मंडळीचे कारभारी मालमत्तेच्या दाव्यांसाठी एकत्र येतात, प्रार्थनेत डोळे पुसणारी बाई नाटकी आहे, भरघोस दान देणारा व्यापारी आपल्या पापांचा हिशेब मिटवीत आहे आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेला तरुण कसल्या तरी लाभावर नजर ठेवून आहे, अशी ही सर्वपरिचित यादी आहे. ही यादी वाचणारा मंडळी सोडून जात नाही. तो मागच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनही घेतो. फक्त शेजाऱ्याच्या श्रद्धेवर त्याचा विश्वास नसतो. इंग्रजीतून आलेला ‘सिनिसिझम’ हा शब्द या वृत्तीसाठी वापरला जातो. मराठीत तिला ‘कुत्सित अविश्वास’ म्हणता येईल. ही वृत्ती प्रौढ बुद्धीचे लक्षण मानली जाते. वस्तुतः ती बुद्धीचा आळस आहे आणि तिची किंमत बहुधा दुबळ्यांना मोजावी लागते, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शंका घेणारा माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. टीका करणारा दोष दाखवतो आणि सुधारणेची अपेक्षा धरतो. कुत्सित अविश्वास बाळगणाऱ्याला उत्तर नको असते आणि सुधारणाही नको असते, कारण दोन्हींपैकी काहीही घडले तर त्याचा सिद्धान्त कोसळतो. एखाद्याने चांगले कृत्य केले, तर त्यामागील हेतू वाईट होता असे तो म्हणतो. वाईट कृत्य केले, तर त्याचे खरे रूप प्रकट झाले असे म्हणतो. कोणत्याही पुराव्याने जो खोटा ठरू शकत नाही, त्या निष्कर्षाला अनुभवाचे फलित म्हणता येत नाही. तो अनुभवाच्या आधीच काढून ठेवलेला असतो.

ही वृत्ती कोणत्या भूमीत फोफावते, हे पाहण्यासाठी बेंगळुरूमधील इंदिरानगरसारखी वस्ती सोयीची आहे. शहराच्या पूर्वेस, हलसुरूच्या जुन्या लष्करी छावणीला लागून असलेली ही वसाहत १९७०च्या दशकात आकाराला आली. पुढे संगणक-व्यवसायाच्या भरभराटीत तिचे रूप पालटले; शंभर फुटी रस्ता दुकानांनी आणि उपाहारगृहांनी गजबजला, आणि २०११ साली शहरातील पहिली मेट्रो याच भागातून धावू लागली. या परिसरात जुन्या पंथांची चर्चे आहेत, तशाच भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या नव्या मंडळ्याही आहेत. इंग्रजी, तमिळ, मल्याळम, कन्नड अशा अनेक भाषांतील उपासना थोड्याशा प्रवासाच्या अंतरावर मिळतात. अहिल्यानगर, जालना, मिरज किंवा कोल्हापूर येथून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला मातृभाषेतील उपासना घराजवळ मिळेलच असे नाही. ते कुटुंब मग उपलब्ध मंडळ्यांतून एखादी निवडते.

‘निवडते’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. जुन्या नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या मंडळीत माणूस जन्मत असे, तिथेच त्याचे लग्न होई आणि तिथल्याच दफनभूमीत तो विसावत असे. ज्याला त्याने रविवारी ढोंगी म्हटले, तोच मंगळवारी त्याच्या वडिलांच्या शवपेटीला खांदा द्यायला येई. त्यामुळे निंदा कमी होत असे, असे मुळीच नाही. पण निंदेची जबाबदारी निंदकाला टाळता येत नसे. इंदिरानगरात ती टाळता येते. पाळकाचे प्रवचन आवडले नाही, कारभाऱ्यांच्या भांडणाचा वीट आला, तर पुढच्या महिन्यात दुसरी मंडळी गाठावी. शेजारच्या बाकावरील माणसाचे घर पाहिलेले नसते, त्याच्या आजारपणात रात्र जागवलेली नसते, आणि तरीही त्याच्या श्रद्धेचा निकाल दिलेला असतो. नगरवासी ख्रिस्ती माणूस खेड्यातील आपल्या आजोबांपेक्षा अधिक फसवला गेला आहे म्हणून अधिक अविश्वासू झाला, हे खरे नाही. त्याची नाती सैल झाली आणि निकाल देणे स्वस्त झाले. हे पुण्याविषयी किंवा ठाण्याविषयीही तितकेच खरे आहे.

आता या अविश्वासाचा मराठी इतिहास पाहू. त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे ‘हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा आरोप. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या भीषण दुष्काळांत नगर आणि आसपासच्या मुलखातील, मुख्यतः महार आणि मांग समाजांतील, असंख्य कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली. बाहेरच्या समाजाने त्यांना हिणवले, हे अपेक्षितच होते. दुःखाची गोष्ट ही की चर्चच्या आतूनही तोच आरोप झाला आणि अद्याप होतो. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथ वाचून, वादविवाद करून धर्मांतर केले, त्यांची श्रद्धा अस्सल. ज्यांच्या पूर्वजांनी पोटात आग असताना ते केले, त्यांची श्रद्धा संशयास्पद, अशी एक अलिखित प्रतवारी आपल्या मंडळ्यांत वावरते. या प्रतवारीला जातीचा वास येतो, हे सांगण्यासाठी फार संशोधन करावे लागत नाही.

येथे कुत्सित अविश्वासाचा एक स्वभाव उघड होतो: तो बहुधा वरून खाली वाहतो. उपाशी माणसाचा हेतू तपासला जातो, पगारदार माणसाचा तपासला जात नाही. मिशनच्या शाळेत पोरगा शिकावा म्हणून चर्चमध्ये येणारा मजूर स्वार्थी ठरतो; पण इंग्रजी मंडळीत प्रतिष्ठित ओळखी होतात म्हणून तिथे जाणारा अधिकारी ‘सुसंस्कृत’ ठरतो. योहानाच्या शुभवर्तमानात भाकरीसाठी मागे आलेल्या लोकसमुदायाला येशूने त्याच्या हेतूची जाणीव करून दिली आहे, हे खरे. पण त्या प्रसंगातील क्रम विसरू नये. त्याने आधी पाच हजारांना जेवू घातले आणि हेतूची चर्चा दुसऱ्या दिवशी केली. शिवाय जी प्रार्थना त्याने शिष्यांना शिकवली, तीत रोजच्या भाकरीची मागणी पापक्षमेच्या मागणीच्या आधी येते. भूक हे ईश्वराकडे वळण्याचे हीन कारण आहे, असा निकाल त्या ग्रंथात सापडत नाही.

भाकरीच्या आरोपाला इतिहासानेही उत्तर दिले आहे. १९५० साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्म पाळणाऱ्यांपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे ज्यांनी केवळ लाभासाठी धर्म बदलला असे म्हटले जाते, त्यांच्या मुलानातवंडांना त्या धर्मात राहणे सात दशकांहून अधिक काळ तोट्याचे ठरले आहे, आणि तरीही असंख्य कुटुंबे तिथेच राहिली. काहींच्या कागदपत्रांवर एक नाव आणि मंडळीच्या वहीत दुसरे नाव असते, हे दाखवून उपहास करणारे आहेत. त्यांना विचारावेसे वाटते, की मुलाचे शिक्षण आणि स्वतःचा बाप्तिस्मा यांतून एकाची निवड करावयास लावणारा कायदा तुमच्या वाट्याला आला असता, तर तुमचे कागद किती स्वच्छ राहिले असते?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात निर्णायक आहे. स्वतःचे आईवडील आणि बहीण यांना त्यांनी दुष्काळाच्या वर्षांत गमावले होते. म्हणून भुकेल्या माणसाच्या हेतूंची चिकित्सा करण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९००च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित स्त्रियांनाही त्यांनी आणले. पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्तिसदनात पंधराशेहून अधिक जणी राहू लागल्या. या बायका भाकरीसाठीच आल्या होत्या, यात शंका नाही. पुढे काय झाले? रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले, आणि ते मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्याच मुलींच्या हातांनी खिळे जुळवून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हातांविषयी ‘हे भाकरीसाठी पुढे आले’ असे म्हटले गेले, त्याच हातांनी मराठी धर्मग्रंथ जुळवला. हेतू हा काही दगडावर कोरलेला लेख नाही. माणूस एका कारणासाठी येतो आणि दुसऱ्या कारणासाठी राहतो; अविश्वासी मनाला ही साधी गोष्ट दिसत नाही, कारण ते माणसाला त्याच्या पहिल्या दिवसावरच खिळवून ठेवते.

रमाबाई स्वतःही या अविश्वासातून सुटल्या नाहीत. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मसिद्धान्त केवळ अधिकाराच्या बळावर स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या त्यांनाच या नकारात गर्व दिसू लागला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा संघर्ष सविस्तर वाचायला मिळतो. पुढे १८८९ साली उघडलेल्या शारदासदनावर दोन्ही बाजूंनी संशय घेतला गेला: सनातनी म्हणत की ही बाई मुली बाटवते, आणि काही मिशनरी म्हणत की ही धर्मप्रसार पुरेसा करीत नाही. रमाबाईंनी या प्रत्येकाशी वाद घातला. परंतु इंग्रज भगिनींच्या वर्चस्वाला नकार देताना त्यांनी त्यांच्या श्रद्धेला खोटे म्हटले नाही, आणि पत्रव्यवहारही तोडला नाही. टीका आणि कुत्सितपणा यांतील अंतर याहून स्पष्टपणे कुठे दिसेल असे वाटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कथाही याच अंगाने वाचली पाहिजे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या पाश्चात्त्य चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणसाची वाढ खुंटते, अशी त्यांची खात्री होत गेली, आणि १९१७ साली मिशनमधून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. चर्चच्या दोषांची इतकी तीव्र जाणीव असलेला दुसरा मराठी ख्रिस्ती लेखक सहसा सापडणार नाही. त्यांना मागच्या बाकावर बसून हसण्याचा पुरेपूर अधिकार होता. तो त्यांनी वापरला नाही. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्याच नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन ते १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत करीत राहिले. ज्या घराची रचना अमान्य होती, त्या घरातल्या माणसांशी ते अखेरपर्यंत बोलत राहिले. आणि ज्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, त्यांनी मिशनरी, पाळक, नातेवाईक, खुद्द टिळक आणि स्वतः, यांपैकी कोणाचाही विक्षिप्तपणा झाकला नाही. त्या पुस्तकात हसू पानोपानी आहे. पण ज्याच्यावर आपण हसतो त्याच्याविषयीचा जिव्हाळा त्या हसण्याने वाढतो. कुत्सित माणसाचे हसू याच कसोटीवर उघडे पडते.

कोणी म्हणेल, ही थोर माणसे होती, आम्ही सामान्य. तर मग ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे असे आपण म्हणतो, त्याकडे वळू. शौल धर्मांतरानंतर यरुशलेमला आला, तेव्हा तेथील शिष्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचा संशय अगदी सकारण होता. हा माणूस त्यांच्या बांधवांना तुरुंगात टाकीत होता. बर्णबा नावाच्या एका शिष्याने त्याला जवळ घेतले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या वतीने साक्ष दिली. बर्णबा भोळा नव्हता. त्याने शौलाचे म्हणणे आणि दमास्कसमधील त्याचे वर्तन ही दोन्ही प्रेषितांपुढे मांडली. म्हणजे त्याने माहिती मिळवली होती. अविश्वासी माणूस ज्याला डोळसपणा म्हणतो, त्यात माहिती मिळवण्याचे हे कष्टच नसतात. पुढे हाच शौल, म्हणजे पौल, अंत्युखियास खुद्द पेत्राला सर्वांसमक्ष विरोध करतो. पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे आणि काही प्रतिष्ठित मंडळी आल्यावर त्या पंक्तीतून उठू लागला, हे त्याचे कारण. पंक्तिभेदाचे पाप मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पौलाने ते पाप झाकले नाही. पण पेत्र मुळातच ढोंगी होता आणि त्याचा विश्वास लटका होता, असेही म्हटले नाही. त्याने पेत्राला त्याच्याच विश्वासाची आठवण देऊन जाब विचारला. ज्याच्या श्रद्धेवर आपला मुळीच विश्वास नाही, त्याला अशा रीतीने जाब विचारता येत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. चर्चमध्ये केवळ दोष नाहीत, गुन्हेही आहेत. आणि ‘सहविश्वासूंवर विश्वास ठेवा’ हा उपदेश गुन्हेगारांच्या पथ्यावर पडतो. हा आक्षेप गंभीर आहे. १९४६ साली मद्रासला जन्मलेले रवी झकरायस जगभर ख्रिस्ती श्रद्धेचे बौद्धिक समर्थक म्हणून गाजले. इंग्रजी शिकलेल्या भारतीय ख्रिस्ती तरुणांत त्यांना मोठा मान होता. २०२० साली त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक स्त्रियांचे त्यांनी लैंगिक शोषण केल्याचे त्यातून उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना, एका जुन्या अत्याचार-प्रकरणाकडे चर्चने केलेल्या दुर्लक्षामुळे, पद सोडण्याची घोषणा करावी लागली. अशा बातम्यांनंतर इंदिरानगरातील एखाद्या तरुणीने ‘आता कोणावर विश्वास ठेवू?’ असे विचारले, तर तिला उपदेशाची मात्रा देणे क्रूरपणाचे होईल. तिचा प्रश्न खरा आहे, आणि तो प्रश्न आहे, कुत्सितपणा नव्हे.

परंतु ही प्रकरणे उजेडात कशी आली, हेही पाहावे. झकरायस यांच्याविषयी प्रथम बोलल्या त्या पीडित स्त्रिया. २०२० साली एका ख्रिस्ती नियतकालिकाने त्यांच्या हकिकती छापल्या, आणि संस्थेतील काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना प्रश्न विचारले. ज्यांनी पीडितांचे म्हणणे खरे मानले, त्यांनी विश्वास टाकण्याचेच धाडस केले होते. ‘सगळे असेच असतात’ असे म्हणणाऱ्याने या कामी काय साह्य केले? काहीच नाही. उलट, सगळेच सारखे असतील तर विशिष्ट कोणी दोषी उरत नाही, तक्रार करणारीही ‘त्यांच्यातलीच एक’ ठरते, आणि चौकशीला अर्थ राहत नाही. सरसकट अविश्वास आणि आंधळी भक्ती एकमेकींच्या शत्रू वाटतात. व्यवहारात त्या एकाच ठिकाणी पोचतात. भक्त पुरावा पाहत नाही, कारण तो पाप समजतो. कुत्सित माणूस पाहत नाही, कारण त्याला सगळे आधीच ठाऊक असते. दोघांच्या मधल्या अंधारात अत्याचारी सुरक्षित राहतो. म्हणून मंडळीचे हिशेब तपासले जावेत, पाळकांवर देखरेख असावी आणि तक्रार पोलिसांपर्यंत जावी, या मागण्या अविश्वासाच्या नाहीत. ज्याला मंडळी आपली वाटते, तोच त्या करण्याचे कष्ट घेतो. क्षमेच्या नावाखाली या मागण्या दडपणारा मनुष्य तर कुत्सित माणसाला रोज नवा पुरावा पुरवीत असतो.

या वृत्तीच्या मुळाशी शुद्ध मंडळीचे एक स्वप्न असते. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील दोनातपंथीयांनी ते स्वप्न पाहिले होते: छळाच्या काळात ज्यांनी धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार अग्राह्य ठरवून निष्कलंकांची वेगळी मंडळी उभारायची. ऑगस्टीनने त्यांच्याशी दीर्घ वाद घातला आणि गहू व निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू देण्याच्या दृष्टान्ताची आठवण करून दिली. पुढे त्यांना वठणीवर आणण्यासाठी राजदंडाला त्याने संमती दिली, तिचे समर्थन करता येणार नाही. मूळ युक्तिवाद मात्र टिकून आहे. नाझी राजवटीने १९३७ साली ज्यांचे फिंकेनवाल्डे येथील धर्मविद्यालय बंद केले, त्या डीट्रिख बोनहॉफर यांनी पुढल्या वर्षी सहजीवनावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. बांधवांविषयी भ्रमनिरास लवकर होणे ही देवाची कृपाच आहे, असा त्यातील विचाराचा आशय आहे. कारण तोवर आपण माणसांवर प्रेम करीत नसतो, त्यांच्याविषयीच्या आपल्या कल्पनेवर करीत असतो. अविश्वासी मनुष्य भ्रमनिरासापाशी थांबतो आणि त्यालाच ज्ञान समजतो. खरे तर सहवास तिथून सुरू व्हायचा असतो.

ही जाण आपल्याकडे परकी नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्याचे चारित्र्य तपासून कोणी वाकत नाही. त्याच परंपरेतील तुकोबांनी भोंदू साधूंवर आसूड ओढले, आणि त्याच परंपरेने चोखोबांना देवळाबाहेर ठेवल्याची खंतही वाहिली. पाया पडणे आणि आसूड ओढणे यांत त्यांना विसंगती वाटली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्या पुलावरून ही रीतही चर्चमध्ये यायला हवी होती.

तेव्हा मागच्या बाकावरील वाचकापुढे मागणी साधी आहे. ज्याच्या श्रद्धेविषयी आपण निकाल दिला आहे, त्याच्या घरी आपण कधी गेलो आहोत काय? त्याच्या कृत्याविषयी आक्षेप असेल, तर तो त्याच्यासमोर किंवा योग्य अधिकाऱ्यासमोर मांडला आहे काय? आणि त्याच्या हातून काही चांगले घडल्यास आपला निकाल बदलण्याची तयारी आहे काय? या तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर आपल्याजवळ अनुभव नाही, फक्त अभिप्राय आहे. इंदिरानगरातील मंडळी बदलता येते, शहर बदलता येते. शेजारच्या बाकावर मात्र प्रत्येक ठिकाणी एक अपुरा, हिशेबी, भित्रा आणि क्वचित अनपेक्षितपणे उदार माणूसच बसलेला आढळेल. ख्रिस्ताने पाय धुतले ते अशाच बारा जणांचे, आणि त्यांत यहूदाही होता.